जुन्या खाणीचे तोंड आणि आपली मुले : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. काल सायंकाळी आपल्या सोसायटीतील चार मुले सायकली घेऊन रेल्वे सायडिंगच्या पलीकडे, बंद पडलेल्या भूमिगत खाणीच्या आवारात गेली होती. तेथील एका उघड्या भोकात दगड टाकून आवाज किती वेळाने येतो हे ती मोजत होती, असे शेळ्या चारणाऱ्या एका मावशींनी आपल्या चौकीदाराला सांगितले. मुले सुखरूप आहेत. पावसाळा तोंडावर आला असल्यामुळे या विषयावर आजच बोलणे आवश्यक वाटते. सभासदांनी आपले मत येथे मांडावे.

ब-302 : माझा मुलगा त्यांच्यात होता. तो सांगतो की भोक आपल्या गावच्या विहिरीपेक्षा लहान होते, कडेला गवत वाढलेले होते आणि दगड टाकल्यावर पाण्याचा आवाज आला. त्यामुळे ती एखादी पडीक विहीर असावी, असे मला वाटले. अ-104 च्या काकांचे आयुष्य कोळसा खाणीत गेले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

अ-104, निवृत्त ओव्हरमन (खाणीतील पाळीवर देखरेख करणारा) : वहिनी, ती विहीर नाही. तो जुन्या खाणीचा हवेचा शाफ्ट आहे, म्हणजे खाणीत हवा खेळती राहावी म्हणून खणलेला उभा बोगदा, आणि तुमचा मुलगा जेथे उभा होता ती जागा मला त्या भोकापेक्षाही अधिक भीतिदायक वाटते. विहिरीवर रोज कोणीतरी पाण्याला येणार, म्हणून तिचा काठ बांधून काढतात आणि त्याची डागडुजी होत राहते. शाफ्टच्या बांधकामाकडे मात्र खाण चालू असेपर्यंतच लक्ष दिले जाते. खाण बंद झाली की तोंडाजवळच्या विटा सुटतात, मागची माती प्रत्येक पावसात थोडी थोडी आत वाहून जाते, आणि वरचा गवताळ थर मुळांच्या आधाराने छज्ज्यासारखा पुढे आलेला राहतो. वरून पाहणाऱ्याला तो काठ वाटतो, प्रत्यक्षात त्याच्या खाली काहीच नसते. पूर्वी अनेक ठिकाणी बंद शाफ्टवर लाकडी ओंडके आडवे टाकून त्यावर माती लोटण्याची पद्धत होती. ते ओंडके कितीएक वर्षे आतल्या आत कुजत राहतात, वर बोरी-बाभळी उगवतात, आणि एखाद्या दिवशी जनावर किंवा माणूस त्यावरून चालत असताना ते मोडतात.

दुसरी गोष्ट हवेची आहे, आणि ती जरा सविस्तर लिहितो, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. नोकरीत असताना पाळी सुरू होण्यापूर्वी मी ज्योतीचा सुरक्षा दिवा घेऊन खाणीत उतरत असे. दिवा छताजवळ हळूच उचलायचा; मिथेन हा पेट घेणारा वायू असेल तर ज्योतीवर निळसर टोपी चढलेली दिसते. मग तोच दिवा जमिनीजवळ न्यायचा, कारण कर्बवायूने जड झालेली, प्राणवायू कमी असलेली हवा खाली साचते. साध्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, आणि माणूस मात्र तेव्हा अजून पायांवर उभा असतो, बोलतही असतो. म्हणून तर दिवा जवळ बाळगायचा. प्राणवायू 10 टक्क्यांच्या खाली गेला की शुद्ध हरपते, आणि 6 टक्क्यांच्या खाली काही मिनिटांतच जीव जातो. या हवेला ना वास असतो ना रंग. एकदा एका बंद गाळ्याच्या, म्हणजे कोळसा काढून झालेल्या भुयाराच्या, तोंडाशी मी दिवा गुडघ्याइतका खाली नेला आणि ज्योत फुंकर न घालताच मिटली. त्याच जागी माझ्या छातीच्या उंचीवर श्वास अगदी नेहमीसारखा चालू होता. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

वादळी पावसाआधी बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, तेव्हा बंद खाण आतली हवा बाहेर सोडते, आणि दाब चढला की पुन्हा आत ओढून घेते. त्यामुळे मुलांना काल काही झाले नाही, यावरून उद्या त्या खड्ड्याच्या तोंडाशी हवा चांगलीच असेल असे धरून चालता येत नाही.

तिसरी विनंती हात जोडून करतो. कोणी आत पडलेच, तर त्याच्या मागे उतरू नका. एप्रिल 2024 मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या रबडीसाठी वापरल्या जाणाऱ्या पडीक विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एकजण उतरला, त्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा, असे करत पाच जणांचा जीव गेला. सहाव्याच्या कमरेला दोर होता, म्हणून त्याला जिवंत बाहेर काढता आले. ती खाण नव्हती, परंतु साचलेल्या हवेचा प्रकार तोच. खाणीचे बचाव पथक पाठीवर प्राणवायूचे यंत्र बांधून उतरते, तेही आधी हवा तपासून.

क-501 : काका, मग आपणच वर्गणी काढून दोन-चार ट्रक मलबा टाकून ते भोक बुजवून टाकले तर चालणार नाही का? माझ्या ओळखीचा कंत्राटदार आहे. अर्ज करून वाट पाहण्यात पावसाळा निघून जाईल.

अ-104 : भाऊ, तळमळ समजते, तरी तसे करू नये. भरलेला ट्रक मागे घेत त्या काठापर्यंत नेणे म्हणजे चालकाचा जीव धोक्यात घालणे आहे. शिवाय वरून टाकलेला मलबा अनेकदा मध्येच अडकतो. वरून खड्डा भरलेला दिसतो, खाली पोकळी तशीच राहते, आणि पुढे पाणी मुरले की सगळा भराव एकदम खाली जातो. शाफ्ट नीट बंद करायचा तर खाणीचा नकाशा पाहून, तळाशी कोणते गाळे मिळतात हे ओळखून भराव करावा लागतो आणि वर पक्क्या खडकावर टेकलेला काँक्रीटचा स्लॅब घालावा लागतो. तोपर्यंत काठापासून बरेच अंतर सोडून मजबूत कुंपण हवे. बंद शाफ्टला कुंपण घालणे खाणीच्या नियमांतच सांगितलेले आहे, त्यामुळे ते मागताना आपण कोणाकडे मेहरबानी मागत नाही.

ड-203 : चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणींच्या घुग्घूस गावी, आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक घर उभेच्या उभे जमिनीत गेले होते. घरातील माणसे वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. तेव्हापासून माझ्या सासूबाईंना पावसाळ्यात झोप लागत नाही. आपल्या इमारतींखालीही जुनी खाण आहे का?

अ-104 : ताई, नकाशा पाहिल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही, अशा बाबतीत तोंडी धीर देणे योग्य नव्हे. आपल्या भागातील जुन्या खाणींत गाळे काढून मध्ये कोळशाचे खांब राखत असत, आणि वरची जमीन त्या खांबांवर तोललेली असे. कोळसा काढलेल्या पोकळीत रेतीची भरणी झाली नसेल तर खांब पाण्याने आणि हवेने झिजत जातात, छताचे थर एकेक करून गळतात, आणि उथळ खाण असेल तर ती पोकळी चढत चढत वर येते. अंगणात नवी भेग पडणे, साचलेले पाणी रातोरात नाहीसे होणे, कालपर्यंत नीट लागणारे दार अचानक अडकणे, अशा खुणा दिसल्या तर आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि फोन मग करावा. सासूबाईंना हेच सांगा, म्हणजे नेमके कशाकडे लक्ष ठेवायचे ते त्यांना कळेल.

सचिव : नकाशाची प्रत मागणारे, तसेच कुंपण आणि कायमस्वरूपी भराव यांची मागणी करणारे पत्र मी आज रात्री तयार करतो. ते खाण व्यवस्थापन, तहसील कार्यालय व पोलीस ठाणे येथे पोच घेऊन देऊ आणि एक प्रत खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवू. पत्रात किती तोंडे लिहावीत? मला एकच ठाऊक आहे.

ब-302 : मी आत्ता मुलाला शेजारी बसवून शांतपणे विचारले. तो म्हणतो की आणखी दोन आहेत. एक पडक्या हाजरी ऑफिसच्या मागे, आणि दुसरे पतंग उडवायला मुले जातात त्या टेकाडाच्या पायथ्याशी, ज्यावर कोणीतरी पत्रा टाकून ठेवला आहे. पत्र्यावर उड्या मारल्या की घुमल्यासारखा आवाज येतो, म्हणून मुलांना ती जागा आवडते.

अ-104 : पत्र्याचे भोक मलाही माहीत नव्हते. सचिवसाहेब, पत्रात तीन लिहा, आणि सर्व पालकांनी आज रात्रीच आपापल्या मुलांना न रागावता विचारावे, म्हणजे यादी पूर्ण होईल. जागा दाखवायला उद्या सकाळी सात वाजता मी येतो. डांबरी रस्त्यावरूनच बोट दाखवू, खाली कोणीही उतरणार नाही. वहिनी, मुलाला सोबत आणा, आणि त्याचा हात सोडू नका.