कोल्हापुरात दोन दिवस, काय खाऊ काय बघू?

पुण्याहून आई-बाबांना घेऊन येतोय, अंबाबाईचं दर्शन ठरलंय, बाकी काहीच नाही. बाबा पक्के मटणवाले, आई शाकाहारी. स्थानिकांनी सांगा प्लीज.

रंकाळाकर: दर्शन पहाटेच उरका, नंतर रांग वाढते. मग मिसळ, हितं ती ब्रेडच्या स्लाइसबरोबर मिळते आणि कट संपला की परत मागायचा, लाजायचं नाही. दुपारी बाबांना मटण ताट, पण पांढरा रस्सा गरम असतानाच प्यायला सांगा, मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू असतंय, गार झाला की मजाच गेली. आईंना अख्खा मसूर आणि भाकरी, लई भारी लागतंय. संध्याकाळी खासबागेत भेळ खा आणि शेजारचं कुस्तीचं मैदान बघाच, शाहू महाराजांनी बांधलेलं हाय, आम्हाला त्याचा फार अभिमान.

गंगावेस_पोरगं: भावा, गंगावेशीतला दूध कट्टा राहिला की! म्हशी तिथंच उभ्या असतात, डोळ्यासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात.

वाटसरू: दुसऱ्या दिवशी सगळे पन्हाळा सांगतील, जवळ आहे, २० किलोमीटर. पण गाडी असेल तर मी खिद्रापूरच म्हणेन, तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, खाली उभं राहून वर आभाळ बघायचं. अंतर साधारण ६० किलोमीटर, सकाळीच निघा.

रंकाळाकर: खिद्रापूरला +१. आणि चप्पल घेणार असाल तर चामडं हातात घेऊन बघा, घाईत घेऊ नका.