घोरणं थांबलं, पण दिवसा डुलक्या येतातच. माउथपीस लागू पडतोय का?

कुंभकर्ण_२:
एएचआय १८, म्हणजे झोपेत तासाला सरासरी १८ वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो. सीपॅपचा (हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा) मास्क सोसत नाही, म्हणून खालचा जबडा पुढे धरणारा माउथपीस, दातांचं माप देऊन केलेला. तीन आठवडे झाले. घोरणं जवळपास बंद, पण दुपारी ऑफिसात डोळे मिटतातच. सकाळी दाढाही नीट जुळत नाहीत. जबडा पुढे सरकवणारा माउथपीसचा स्क्रू आणखी फिरवू का?

दंतकथा:
थांबा. आधी जबडा आत्ता किती पुढे आहे ते विचारून घ्या. जबडा जास्तीत जास्त जितका पुढे येतो, त्याच्या साधारण ५० ते ७० टक्क्यांवर सुरुवात करतात. १० मिमी येत असेल तर ५ ते ७. पुढे आठवड्याला अर्धा ते एक मिमी, तेही दोन्ही बाजूंना सारखंच. एकच बाजू फिरली की जबडा तिरका ओढला जातो आणि कानापुढचा सांधा धरतो.
दाढांचं म्हणाल, तर माउथपीस काढल्यावर दहा मिनिटं दाढा हलकेच दाबून सोडत राहा. मग पातळ कागदाची पट्टी दाढांत धरून ओढा. सकाळी उठल्याउठल्या सुटली तर चालेल, दुपारीही सुटत असेल तर दाखवा. वर्षानुवर्षांच्या वापराने वरचे पुढचे दात आत आणि खालचे बाहेर झुकतात. ते आपोआप जागेवर येतीलच असं नाही.

झोपमोड:
मूळ प्रश्न राहिलाच. घोरणं म्हणजे घशाच्या पडद्याची थरथर. श्वास दहा-दहा सेकंद अडकतो, तो आवाज न करताही अडकू शकतो. बायको म्हणाली ‘आता शांत झोपता’, एवढ्यावर जाऊ नका. माउथपीस तोंडात ठेवूनच पुन्हा स्लीप टेस्ट करा. १८ चे ९ झाले तरी अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) आहेच, पाचच्या खाली हवा. उताणं आणि कुशीवर असे वेगळे आकडे मागा, बऱ्याच जणांचं सगळं दुखणं उताण्यातच असतं. घड्याळातली ‘डीप स्लीप’ सोडून द्या.

कुंभकर्ण_२:
सकाळी नऊ वाजेपर्यंत दाढा पट्टी पुन्हा घट्ट धरू लागतात. टेस्ट कधी?

दंतकथा:
मग दाढांची काळजी नको. स्क्रू ठरल्या जागी आला, दुखणं थांबलं, की काही आठवड्यांनी. तोवर झोप येत असताना गाडी चालवू नका. आणि माउथपीस गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने तो वाकतो, मग टेस्टचा आकडाही फसवा येतो.