शेवट माहीत असूनही हिवाळ्याच्या सुट्टीतल्या प्रेमकथा का वाचाव्याशा वाटतात?

उशीखालचं_पुस्तक
गेली तीन-चार वर्षं माझं ठरूनच गेलंय, डिसेंबरची सुट्टी लागली की फक्त ख्रिसमसच्या, बर्फातल्या प्रेमकथा वाचायच्या. एरवी मी चरित्रं, इतिहास असलं वाचते, पण या दहा-बारा दिवसांत पांघरुणात शिरायचं, बाहेर लवकर अंधार पडलेला आणि पुस्तकात दोघं कुठल्यातरी छोट्या गावात अडकलेली, याची मी महिनाभर आधीपासून वाट बघते. दहाव्या पानावरच कळतं की ही दोघं एकत्र येणार, तरी रात्री दोनपर्यंत जागते. घरचे म्हणतात, शेवट माहितीये तर वाचतेस कशाला? मला नीट सांगता येत नाही आणि मग वाईट वाटतं. तुम्ही कोणी वाचता का? यात नक्की काय आवडतं? आणि मला स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलत जाणारं प्रेम आवडतं, तर यंदा कशा प्रकारचं शोधू?

दुपारची_झोप
वाचते म्हणजे काय, दरवर्षी! अगं शेवट गोड असणार हा तर या प्रकारात वाचकाला दिलेला शब्दच असतो. तो एकदा मिळाला की 'काय होणार' ही धाकधूक संपते आणि सगळं लक्ष 'कसं होणार' याकडे जातं. तिचा एक हातमोजा हरवलाय हे तिच्याआधी त्याच्या लक्षात येतं, बस, एवढंच, पण मी ते पान तीनदा वाचते. रहस्यकथेत असं रेंगाळता येत नाही, तिथे पुढे पळायची घाई असते.

जुनी_पानं
मला यातलं बर्फाचं काम फार आवडतं. लोकांना वाटतं बर्फ नुसता सजावटीला असतो, पण खरं तर कथानक तोच ओढत असतो. रस्ते बंद, गाड्या रद्द, म्हणजे एरवी एकमेकांना टाळणारी माणसं एका छताखाली येतात आणि निघून जायचा पर्याय उरत नाही. ही युक्ती आजची नाहीये. इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनची 'एमा' ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये आली, त्यातही ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी बर्फ पडायला लागतो, सगळ्यांची घरी जायची धांदल उडते आणि एमा बग्गीत एकटी सापडते ती नेमकी मिस्टर एल्टनसोबत. तो मैत्रिणीच्या प्रेमात आहे असं ती समजून चाललेली, आणि हा तिथेच तिला मागणी घालतो! पुढचे काही दिवस परत बर्फामुळेच तिला घराबाहेर पडता येत नाही, म्हणजे त्याला तोंड दाखवायचीही वेळ येत नाही. बर्फानेच अडचणीत टाकलं आणि बर्फानेच लपवलं, किती सुंदर बांधलंय ते. शिवाय सुट्टीला शेवटची तारीख असते, कोणीतरी एक जण परत जाणार असतो, त्यामुळे मनातलं बोलायला वेळ थोडाच उरतो.

खिडकीजवळ
माझं कारण जरा वेगळंय. आई गेली त्या वर्षीचा डिसेंबर मला नकोसा झाला होता, घरात सगळे असूनही. तेव्हा एका ई-बुकमध्ये अशीच एक गोष्ट मिळाली, नायिकेच्या घरात एक खुर्ची रिकामी असते आणि कोणीच तिला 'आता आनंदी हो' असं म्हणत नाही, नायक नुसता येऊन शेजारी बसतो. मी खूप रडले आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. या कथांना उथळ म्हणतात तेव्हा मला तीच आठवते. आणि बर्फच पाहिजे असंही नाही, ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, तिथल्या गोष्टींत समुद्रकिनारा असतो, तरी तीच ऊब मिळते.

जुनी_पानं
खिडकीजवळ, हे लिहिलंस ते बरं केलंस. रिकामी खुर्ची असलेल्या गोष्टीच जास्त टिकतात असं मलाही वाटतं.

एक_चॅप्टर_अजून
स्लो बर्नबद्दल सांगतो. सुट्टीतल्या बऱ्याच कथा नॉव्हेला असतात, एका संध्याकाळी संपणाऱ्या, आणि तेवढ्या पानांत दोन अनोळखी माणसं हळूहळू जवळ येणं अवघड जातं, मग तिसऱ्या दिवशीच लग्नाच्या गोष्टी सुरू होतात आणि ते पटत नाही. म्हणून छोटं वाचायचं असेल तर दोघांची जुनी ओळख असलेलं बघ, सेकंड चान्स (दुरावलेली जोडी पुन्हा भेटते ते) किंवा मित्रांचं प्रेम. तिथे वाट बघण्याची वर्षं गोष्टीच्या आधीच होऊन गेलेली असतात, लेखकाला फक्त ती जाणवून द्यायची असतात. अनोळखी जोडीच हवी असेल तर पूर्ण लांबीची कादंबरी घे. आणि सिरीजमधलं घेणार असशील तर ते स्वतंत्र वाचता येतं ना ते आधी बघ, ऐन सुट्टीत अर्धवट गोष्ट हातात राहिली की फार चुटपुट लागते.

उशीखालचं_पुस्तक
सगळ्यांना मनापासून थँक्यू. खिडकीजवळ, तुझं वाचून डोळे भरून आले. सेकंड चान्सवालं एक यादीत कधीचं पडून होतं, काल रात्री सुरू केलं. दहा वर्षांनी दोघं एकाच बंद पडलेल्या स्टेशनवर भेटलीत आणि तिने अजून त्याचं नावसुद्धा उच्चारलेलं नाही. पन्नास पानं झाली, सुट्टीचे सहा दिवस बाकी आहेत.