पायरीवरचं शेवाळ जात नाही, कुंडीतलं टिकत नाही

कुंडीवेडी:
प्रश्न दोन, आणि एकमेकांच्या अगदी उलटे. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची वर्षभर हिरवी असते. गेल्या महिन्यात बाबा तिथे घसरले. हाड वाचलं, कोपर मात्र चांगलंच सोलपटलं. मी ब्लीचिंग पावडर टाकून खसाखसा घासलं, पायरी पांढरी झाली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे.

दुसरीकडे, एका पसरट उथळ कुंडीत मी वडाचं बोन्साय केलंय. त्याच्या बुडाशी हिरवी मखमल हवी म्हणून पायरीवरचंच शेवाळ खरवडून थापलं. आठवड्यात काळं पडलं, वर चिलटं. मग एका व्हिडिओत बघून ताकाबरोबर मिक्सरमधून फिरवून ब्रशने लावलं. शेवाळ नाहीच, पांढरी बुरशी मात्र झकास आली! मिक्सरच्या त्या भांड्याला आता घरात कुणी हात लावत नाही.

नको तिथे मरत नाही, हवं तिथे जगत नाही. काय चुकतंय?

खुरपं:
मिक्सरच्या भांड्याबद्दल सहानुभूती. माझंही एक असंच शहीद झालंय. ताकावर आधी बुरशीच वाढते.

मूळ घोळ शब्दाचा आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच ‘शेवाळ’ म्हणतो. पायरीवर बोट घासून बघा. बोटाला बुळबुळीत हिरवट-काळा लेप लागला तर ते शैवाल: ना पान, ना देठ. उलथण्याच्या टोकाने उचलल्यावर गालिच्याच्या तुकड्यासारखं सुटलं आणि खाली तपकिरी तंतू दिसले, तर ते मॉस. शाळेत फ्युनारिया नावाच्या मॉसची आकृती वहीत काढली असेल ना, ती मंडळी. तुम्ही बहुतेक कुंडीत लेप थापलात. त्याची मखमल कधीच होणार नाही.

कुंडीवेडी:
आत्ताच भिंग घेऊन पायरीशी उकिडवी बसून आले. पायरीवर सगळा बुळबुळीत लेप. पण भिंतीलगतच्या फटीत खरी मखमल आहे! बोटभर पट्टाच, पण त्यातून केसाएवढे लालसर देठ वर आलेत आणि प्रत्येकाच्या टोकाला मान खाली घातलेली इवलीशी बोंडी. इतकी वर्षं मी त्यावर खराटा मारत होते.

खुरपं:
त्या बोंडीत बीजाणू असतात. पण बीजाणूंपासून वाढवायची वाट बघू नका, तयार तुकडेच लावा. एक मात्र बघा: फटीत सिमेंट-चुना असतो आणि तिथलं मॉस त्याला सरावलेलं असतं. कुंडीतल्या मातीसाठी मातीवर वाढलेलं मॉस शोधा, तुमच्याच एखाद्या जुन्या कुंडीत सापडेल. खालची दोन-तीन मिलिमीटर माती धरून उचला. बोन्सायची वरची माती ओली करून सपाट दाबा, तुकडा ठेवा आणि तळव्याने चांगला दाबा, खाली हवा राहता कामा नये. मॉसला खरी मुळं नसतात. ते पाणी पानांतूनच घेतं आणि पान बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं. म्हणून तांब्याने पाणी ओतू नका, बारीक फवारा मारा. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. क्षारांच्या पाण्याने टोकं पांढरी पडतात. खताचे दाणे त्यावर टाकू नका. बसायला महिना-दीड महिना लागतो. मध्ये एखाद दिवस सुकून खाकी दिसलं तर मेलं म्हणून उपटू नका. पाणी मिळालं की बघता बघता हिरवं होतं. आणि खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर साल सतत ओली राहते आणि मातीची ओलही कळत नाही.

भिंगरी:
पायरीचं सांगते. चुना मारा किंवा हिराकस (लोहाचं सल्फेट) टाका, एका दिवसात काळं पडतं. वर व्हिनेगर.

खुरपं:
भिंगरीताई, हिराकसने मॉस काळं पडतं हे खरं, पण सिमेंटवर त्याचे गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. चुन्याचा भरवसा नाही, चुन्याच्या भिंतीवर मॉस सुखाने नांदतं. आणि ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी व्हिनेगर कधीही टाकू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. ही गंमत नाही.

माझं मत विचाराल तर औषध शेवटी. आधी ही पायरीच का ओली राहते ते शोधा. वरच्या दोन तर कोरड्या आहेत ना?

कुंडीवेडी:
सापडलं! वॉशिंग मशीनचा पाइप भिंतीतून बाहेर येतो, त्याच्या सांध्यातून थेंब-थेंब गळतंय आणि ओघळ नेमका त्या पायरीवर. वर जास्वंदाच्या फांद्यांनी ऊन अडवलंय. सांधा बदलला, फांद्या छाटल्या, कडक ब्रशने घासून पायरी वाळवली. चार आठवडे झाले, अजून कोरडी आहे. बाबा तरी भिंत धरूनच उतरतात.

बोन्सायमधले तीन तुकडे धरलेत. चौथा रोज सकाळी उलटा पडलेला असतो. मी दाबते, तो उलटतो. मांजर आमच्याकडे नाही.

खुरपं:
पक्षी. खालचे किडे शोधत उलथवतात. तुकडा धरेपर्यंत वर जाळी टाका.

भिंगरी:
माझ्याकडे तर एक बुलबुल तुकडा चोचीत धरून घेऊनच गेला. घरट्यासाठी असावा.