जंगलात नवी रोपं लावणं थांबवून तो पैसा राखणीवर घालावा का?

पानगळ (धागाकर्ता)
जून उजाडला की मुंबईत वृक्षारोपणाचे फलक झळकतात. माझं म्हणणं असं, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि आरेच्या डोंगराळ भागात पुढची पाच वर्षं एकही रोप लावू नये. तिथं ऐन, कुंभा, पळस यांची खुंटं जमिनीत जिवंत आहेत. वणवा आणि गुरं आवरली तर त्यांना झुडपासारखे फुटवे येतात. दुसऱ्या वर्षी सरळ वाढणारे एक-दोन ठेवून बाकीचे छाटायचे. मुळं आधीच खोल गेलेली असल्याने हे फुटवे खड्ड्यातल्या रोपाला सहज मागे टाकतात, शिवाय टँकरही लागत नाही.

खरा खर्च जाळरेषांचा, म्हणजे वणवा अडवायला गवत-पाचोळा काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचा. त्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तयार हव्यात. पण डिसेंबरात गवत कापून जाळलं की काम संपलं असं समजतात, आणि घोटाळा तिथंच होतो. साग-ऐनाची पानगळ त्यानंतर होते, मार्चपर्यंत रेषेवर पुन्हा पाचोळा साठतो आणि आग बिनदिक्कत पलीकडे जाते. मे अखेरपर्यंत ती वरचेवर झाडायला माणसं आणि ब्लोअर हवेत.

गोरेगावकर
सपशेल असहमत. राडारोड्याच्या भरावावर खुंटं कुठून आणणार? शहरातल्या असल्या तुकड्यांसाठी मियावाकी, म्हणजे दाटीने लावलेलं छोटं जंगलच बरं. मीटरभर खोल खणून राडारोडा काढायचा, मातीत शेणखत आणि भाताचं तूस मिसळायचं, चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं, वर पेंढ्याचं जाड आच्छादन, आणि दोन-तीन उन्हाळे पाणी.

आणि ‘गुरं आवरा’ हे कोणाला सांगताय? आरेतल्या आदिवासी पाड्यांना? राखण तेच करू शकतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये 1,809 हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरायचा आणि राखायचा गावाचा हक्क, मिळाला. तिथल्या जंगलाचा कारभार ग्रामसभा पाहते.

पानगळ
भरावाचं मान्य, मी जंगलाबद्दलच लिहिलंय. पाड्यांचंही मान्य, जाळरेषेची मजुरी त्यांनाच मिळावी. पण चराईला शिस्त हवीच. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला कायद्यानेच बंदी आहे. आरेत चार-पाच भाग पाडून एकेक भाग बंद ठेवा, फुटवा गुराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत. तोवर तिथलं गवत कापून न्यायला मोकळीक द्या.

कारवी_८
दोघंही घाणेरीबद्दल, त्या बाहेरून आलेल्या काटेरी झुडपाबद्दल, गप्प! वणवा थांबवला आणि घाणेरी तशीच ठेवली तर फुटव्यांवर ऊनच पडणार नाही. कोयत्याने वरून तोडली की दुप्पट फुटते, जाळली तरी बुंध्यातून येते. दिल्ली विद्यापीठातले पर्यावरणशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत वापरा: मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरांवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. हे फळं धरण्याआधी, माती ओली असताना. मोकळ्या जागेत लगेच देशी गवताचं बी टाकायचं, नाहीतर तिथं रानमोडी हे दुसरं तण शिरतं. पुढची दोन वर्षं उगवणारी रोपटी हाताने उपटायची. निविदेत मात्र फक्त ‘सफाई’ असते, तीही एकदाच.

खाडीकाठ
तुमचं जंगल म्हणजे फक्त डोंगर दिसतोय. कांदळवनात रोपं लावण्याआधी भरतीचं पाणी आत येतंय का ते पाहा. भरावाने किंवा रस्त्याने ते पाणी आणणारी नाळ बुजली की आतली तिवरं (कांदळवनातली झाडं) सुकतात, मग कितीही रोपं खोचा, मरणारच. नाळ मोकळी केली तर तिवराचं बी पाण्याबरोबर आपसूक येतं. उघड्या चिखलपट्ट्यांवर लागवड करून पक्ष्यांची चरायची जागा घालवणं तर शुद्ध मूर्खपणा.

नियमावली
लागवड थांबवा म्हणणं सोपं आहे, पण कायद्याचं काय? राज्याच्या नागरी वृक्ष कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनुसार झाडाचं वय जितकं, तितकी रोपं लावावी लागतात, तीही सहा ते आठ फुटी, आणि सात वर्षं जगवायची. साठ वर्षांचा वड तोडला तर साठ रोपं. निदान तोडणाऱ्याच्या खिशाला चाट बसते.

कारवी_८
चाट बसते, पण सावली परत येत नाही. त्यात सहा-आठ फुटी रोप म्हणजे पिशवीत रखडलेलं, तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं. लावताना ते वेटोळं कापलं नाही तर झाड चार-पाच वर्षांनी वादळात मुळासकट आडवं होतं. आणि ‘जगलेल्या रोपांवर बिल’ असं ठरवलं, तर मोजणीच्या आदल्या आठवड्यात मेलेल्यांच्या जागी नवी येतात. बुंध्याचा घेर दरवर्षी नोंदवला तरच ही लबाडी पकडता येते.

गोरेगावकर
घेराची अट मियावाकीला लावू नका. इतक्या दाटीत काही रोपं मरणं धरलेलंच असतं आणि बाकीची आधी उंच होतात, जाड नंतर. तिथं दर चौरस मीटरला किती जिवंत आणि किती जातींची, हे मोजा. नाहीतर करंज आणि ताम्हण दोनच उरतात आणि फलकावर मात्र चाळीस जाती.

पानगळ
ही मोजणी पटली. पण असले तुकडे जंगलतोडीची भरपाई म्हणून धरायचे नाहीत, हे आधी कबूल करा.