सॉकेटच्या (नेटवर्क जोडणीच्या टोकाच्या) बफरमध्ये (आलेला डेटा साठतो त्या जागेत) न वाचलेले किती बाइट पडून आहेत, हे कसं कळतं?

लूमडेटा:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात २४ लूमचे (यंत्रमागांचे) कंट्रोलर टीसीपीवरून (बाइट सलग प्रवाहात पोचवणाऱ्या नेटवर्क पद्धतीने) लिनक्स सर्व्हरला नोंदी पाठवतात. एक नोंद ४८ बाइटची, सर्व्हर सी भाषेत. आधी आकडा कळला तर ४८ च्या पटीतच वाचता येईल. गेटसॉकऑप्ट या सॉकेटची सेटिंग सांगणाऱ्या कॉलला एसओ_आरसीव्हीबफ विचारलं तर १३१०७२ येतं, डेटा असो वा नसो. शिवाय वाचन मागं पडतंय का, हेही बघायचंय.

पोर्ट८०८०:
ते हौदाचं, म्हणजे बफरच्या कमाल आकाराचं माप झालं, आतल्या पाण्याचं नव्हे. इंट प्रकारचं व्हेरिएबल घ्या आणि त्याचा पत्ता एफआयओएनरीडसोबत (‘किती बाइट बाकी’ विचारणारा कोड) आयओसीटीएल या सिस्टम कॉलला द्या. कॉलने ० परत दिला म्हणजे तो यशस्वी. बाइटचा आकडा व्हेरिएबलमध्ये असतो. लिसनिंग सॉकेटवर (जो फक्त नवी कनेक्शनं घेतो) ईआयएनव्हीएएल, म्हणजे ‘अवैध विनंती’ ही एरर येते.
व्हेरिएबलमध्येच ० आला तर घोळ होतो. बफर रिकामा असला तरी ०, समोरच्याने कनेक्शन बंद केलं तरी ०. फरक रिसीव्ह केल्यावर कळतो.

उभा_धागा:
४८ च्या पटीसाठी एवढा खटाटोप कशाला? दर वेळी एक जादा सिस्टम कॉल, आणि आकडा हातात येईपर्यंत नवे बाइट आलेले असतात. प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा बफर ठेवा, येईल ते वाचा, ४८ भरले की नोंद उचला, उरलेलं पुढच्या खेपेला. नाहीतर एसओ_आरसीव्हीलोवॅट (किमान किती बाइट जमावेत ही सेटिंग) ४८ करा, म्हणजे पोल (डेटा येईपर्यंत थांबणारा कॉल) तेवढे बाइट जमल्यावरच जागा होतो (कनेक्शन बंद झालं तर आधीही). लिनक्स २.६.२८ च्या आधी पोल ही मर्यादा जुमानत नसे.
वाचन मागं पडतंय का, ते ‘एसएस -टीएन’ या कनेक्शनं दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसतं. रिसीव्ह-क्यू (न वाचलेल्या बाइटचा रकाना) चढताच राहिला तर तुमचा प्रोग्राम हळू आहे. लिसनिंग ओळीत मात्र तोच रकाना अ‍ॅक्सेप्टची (प्रोग्रामने स्वीकारण्याची) वाट बघणारी कनेक्शनं मोजतो.

लूमडेटा:
समजलं, स्वतःचा बफरच ठेवतो. यूडीपीला (सुटी पाकिटं पाठवणाऱ्या पद्धतीला) एफआयओएनरीड चालेल का?

पोर्ट८०८०:
चालेल, पण लिनक्सवर फक्त पुढच्या एका डेटाग्रामची (पाकिटाची) लांबी मिळते, रांगेतली बेरीज नाही.
टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) लावणार असाल तर आणखी एक खोच: ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीने उलगडून ठेवलेला डेटा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिसत नाही. एफआयओएनरीड ० सांगतो, पोल झोपून राहतो आणि नोंद लायब्ररीतच अडकते. पोलआधी एसएसएल_पेंडिंग (लायब्ररीत किती बाइट पडून आहेत ते सांगणारं फंक्शन) बघा.