मदत हवी आहे: ‘माणसंच नाहीत’ या उत्तरापुढे काय विचारायचं? (सोलापूर शहर पोलीस)

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त पुण्यात, आई-वडील सोलापुरात. घर हद्दवाढ भागात. वडील अठ्ठ्याहत्तरचे, आईचे गुडघे गेलेले. शेजारची दोन्ही घरं कुलूपबंद, कारण त्यांचीही पोरं पुण्यालाच. मागच्या गल्लीत भरदिवसा कुलूप तोडून चोरी झाली, तेव्हापासून आई नीट झोपत नाही. रोज रात्री फोनवर तोच विषय.

सुट्टीत गेलो तेव्हा हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाऊन आलो. दोनच गोष्टी मागितल्या. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत यांची नोंद घ्या आणि बीट मार्शलची (गस्तीवरच्या पोलिसाची) रात्रीची एखादी फेरी आमच्या गल्लीतून होऊ द्या. बोलणं चांगलं झालं, खुर्ची मिळाली, चहाचंही विचारलं. पण उत्तर एकच: “साहेब, माणसंच नाहीत. बंदोबस्त, कोर्ट, समन्स यातच सगळे संपतात.” एका वहीत नाव-नंबर लिहून घेतला. त्यानंतर घरी कोणी फिरकलेलं नाही.

ज्येष्ठ नागरिकांचा कायदा २००७ चा, महाराष्ट्राचे नियम २०१० चे. त्यात प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी अद्ययावत ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा भेट द्यायची असं आहे. म्हणजे मी काही मेहेरबानी मागत नव्हतो.

मला कुणाशी भांडायचं नाही. त्या अंमलदाराचा चेहरा बघून तो खोटं बोलत असेल असंही वाटलं नाही. पण सोलापुरात फिरताना सोरेगावला खाकी, केगावला खाकी, सात रस्त्याला खाकी. मग आमच्या ठाण्यात माणूस नाही हे खरं की नेहमीचं पालुपद, हे आकड्यांनी कसं तपासायचं? माहिती अधिकारात नेमकं काय मागू? आणि तोवर आई-वडिलांसाठी काय करता येईल? कुणी असा पाठपुरावा केला असेल तर सांगा.

लाईनबॉय

वडील खात्यातून निवृत्त झाले, माझं लहानपण पोलीस लाईनीतच गेलं, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे सगळी खाकी एका घरची नसते. सोरेगावला दिसते ती राज्य राखीव पोलीस बलाची, गट क्रमांक १०. केगावला प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे कवायत करणारी पोरं बाहेरच्या घटकांचीही असतात, पासिंग आऊट झालं की आपापल्या गावी जातात. शहरातच ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय आहे, त्यांची माणसं वेगळी. स्टेशनात लोहमार्ग पोलीस, तेही वेगळे. तुमच्या कामाचं फक्त शहर आयुक्तालय. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी, ही त्याखालची ठाणी. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या माणसाने इकडे अर्ज टाकला तर उपयोग नाही, ते वळसंगला म्हणजे ग्रामीणला येतं.

दुसरं, ठाण्याच्या पटावर माणूस दिसतो तो रस्त्यावर दिसेलच असं नाही. वजाबाकी करत चला. ठाणे अंमलदार तिन्ही पाळ्यांत लागतो. वायरलेसला एक. मुद्देमाल कारकून, गोपनीय, हजेरी मास्तर, सीसीटीएनएसवर (गुन्ह्यांच्या नोंदीच्या संगणकावर) बसणारे, कोर्ट पैरवी, समन्स-वॉरंटवाले. मग डीबी पथक, म्हणजे गुन्हे शोधणारे. ११२ च्या गाडीवर माणसं. कुणी रजेवर, कुणी साप्ताहिक सुट्टीवर, कुणी आरोपीला घेऊन दवाखान्यात. उरतात ते बीट मार्शल. त्यात गणपती, चौदा एप्रिल, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नाहीतर मंत्र्यांचा दौरा. वडील म्हणायचे, “हजेरी भरलेली आणि चौकी रिकामी.” घरी आम्ही हसायचो, त्यांना हसू यायचं नाही.

पण खरी गोम ‘संलग्न’ या शब्दात आहे. माणूस कागदावर ठाण्यात आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याच शाखेत किंवा कार्यालयात. मंजूर आणि कार्यरत एवढंच विचारलंत तर तो ठाण्यात हजर धरला जाईल. संलग्न किती, हे विचारल्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही.

चादर_चौघडी

लाईनबॉय बरोबर सांगलालेत. गड्डा जवळ आला की आमच्या चौकीतले होम मैदानावर जालालेत, मग महिनाभर चौकीला कुलूप. चोरांनाही कॅलेंडर कळतंय हो.

पाटीलबाई

मी आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचं काम बघते. एकट्याने गेलात तर नाव वहीत जातं आणि वहीतच राहतं. संघाच्या लेटरहेडवर पंचवीस-तीस नावांची यादी द्या. पत्ता, कोण सोबत राहतं, आजार, जवळच्या नातेवाइकाचा फोन, सगळं त्यात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, ती मिळेपर्यंत उठायचं नाही. एक प्रत सहायक आयुक्तांना. पोच असली की पुढच्या महिन्यात “भेट झाली का” हे तारीख दाखवून विचारता येतं.

आणि आई-वडिलांना ११२ लावायला शिकवा. शिकवा म्हणजे सांगू नका, समोर बसवून करून घ्या. तो फोन सोलापुरात वाजत नाही, राज्याच्या केंद्रात नवी मुंबईला किंवा नागपूरला जातो, तिथून इथल्या गाडीला निरोप येतो. पलीकडचा माणूस पत्ता विचारतो आणि आपली म्हातारी “मारुतीच्या देवळामागं” एवढंच सांगते. पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ चिकटवा. घाई नसलेल्या चौकशीसाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाईन आहे, पण रात्री दारात कोणी उभं असेल तर ती नाही, ११२ च.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पाटीलबाई, संघाचं डोक्यातच नव्हतं, वडिलांचे मित्र आहेत त्यात. लाईनबॉय यांचं वाचून अर्ज असा केलाय, बघा:

“अमुक पोलीस ठाण्याबाबत दिनांक अमुक रोजीची (१) संवर्गनिहाय मंजूर, कार्यरत व रिक्त पदसंख्या; (२) पटावर असून अन्यत्र संलग्न असलेल्यांची संवर्गनिहाय संख्या; (३) ज्येष्ठ नागरिकांच्या यादीतील एकूण नोंदी, नावे वगळून; (४) मागील सहा महिन्यांत ज्येष्ठांना दिलेल्या भेटींची महिनानिहाय संख्या; (५) बीट मार्शलच्या रात्रगस्तीचा मार्ग व वेळा; (६) मनुष्यबळ कमी असण्याची कारणे.”

अर्ज वडिलांच्या नावाने टाकू की माझ्या?

अर्जफाटे

पाच आणि सहा काढून टाका. गस्तीच्या वेळा मागितल्यात की सुरक्षेचं कारण देऊन नाकारतील, आणि तसं बघितलं तर नाकारायलाच हव्यात. वेळापत्रक तुम्हाला मिळालं तर चोरालाही मिळेल. ‘कारणे’ मागायची नाहीत, दप्तरी असलेला कागद मागायचा. ‘असं का’ असले प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून एका ओळीत परत पाठवतात.

उरलेल्याचे दोन अर्ज करा. राज्याच्या नियमांत २०१२ पासून एक अर्ज, एक विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. पदसंख्येचा एक, ज्येष्ठांच्या यादीचा दुसरा. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा राज्याच्या ऑनलाईन पोर्टलवरून भरा. संवर्ग लिहिताना पोलीस नाईक शोधत बसू नका, ते पद २०२२ मध्ये रद्द झालं. पदांची माहिती ठाण्यापेक्षा आयुक्तालयाच्या आस्थापनेकडे नीट मिळते. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

नाव तुमचंच घाला, पत्ता पुण्याचा. कोणताही नागरिक माहिती मागू शकतो, सोलापुरात राहायलाच हवं असं नाही. वडिलांच्या नावाने टाकलात तर दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन त्यांनाच येणार, “काका, काय अडचण आहे, अर्ज कशाला?” आणि काका गहिवरून अर्ज मागे घेणार. हे आमच्या घरी झालंय.